अकरा-वीसचं ऊन

लुब्लिन,
मंगळवार, २८ मार्च २०२३

प्रिय लुदविकदादा,

प्रभू येशूची स्तुती असो. आई पत्राची सुरुवात अशीच करायला लावायची, म्हणून करते. इकडे सगळं ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? यानिनावहिनीचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र दुरुस्त झालं का? ग्दिनियाला अजून वारा सुटलेला असेल, कानटोपी काढू नकोस. पत्रास कारण की... कारण नंतर सांगते. आधी बाकीचं.

तू म्हणशील, दर नाताळला पाकिटातून एक वाटून खायची पवित्र पापडी आणि खाली सही, एवढाच आपला पत्रव्यवहार, मग पोलाला आज पानंच्या पानं लिहायची हुक्की कुठून आली. आली बाबा. सत्तराव्या वर्षी माणसाला काहीही येतं. मला गेल्या महिन्यात दाढदुखी आली, ज्या दाढेचं मूळ दोन हजार चारमध्ये काढलंय तिची. डॉक्टर म्हणाला, अशक्य आहे. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा तिला.

आमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा चालू झाली. मांजर बरं आहे, जाड झालंय. लोणच्याच्या बरण्या संपत आल्या.

आता मोठी बातमी. आपली इस्त्री प्रसिद्ध झाली.

खोटं नाही सांगत. चर्चचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. पाटीवर 'सांत्वन करणारी माता' असं लिहिलंय, पण ट्रॉलीबसचा ड्रायव्हरसुद्धा "इस्त्रीपाशी उतरायचंय का?" असंच विचारतो. पुढे टोकदार, मागे रुंद आणि वर मुठीसारखा घंटाघराचा कठडा, आता लोकांनी तरी काय म्हणावं? तर ती इस्त्री बघायला हल्ली परदेशातून माणसं येतात. सगळ्यांचे कपडे काळे, सगळ्यांचे चष्मे गोल. आत आल्यावर आधी वर बघतात, मग भिंतीला हात लावतात, मग फोटो काढायला जमिनीवर आडवे होतात. माझा रिशार्द गेल्यापासून दुपारची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून हे सगळे माझ्या पदरात. मी त्यांना एवढंच सांगते की बाकांवर बुटांसकट चढू नका आणि मेणबत्त्या विझवून फोटो काढू नका.

परवा एक उंच इटालियन आला होता. सिमेंटवर फळ्यांच्या खुणा उमटल्यात ना, तुम्ही साच्याला लावलेल्या त्या फळ्यांच्या, त्यावर बोट फिरवत त्याने मला विचारलं, ही लाकडाची गाठ इथे मुद्दाम ठेवली का? मी म्हटलं, ती फळी आमच्या मामाच्या डुकरांच्या खुराड्याची. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि भिंतीला कपाळ टेकवून बराच वेळ उभा राहिला. मामा असता तर त्याने खुराड्याची दुसरी बाजूही दाखवायला नेलं असतं.

पण इटालियन काहीच नाही. खरा घोटाळा रॉटरडॅमच्या प्राध्यापकबाईंनी केला. हेन्द्रिका असं त्यांचं नाव. गेल्या उन्हाळ्यात आल्या, चांगल्या तीन आठवडे राहिल्या. रोज येऊन तिसऱ्या बाकावर बसायच्या. माझ्याकडचा चीजकेक त्यांना आवडायचा, त्यामुळे बाई वाईट आहेत असं मला म्हणता येत नाही. एका रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या ढसाढसा रडल्या.

अकरा-वीसला काय होतं ते तुला मी सांगायला नको. तरी लिहिते, कारण आता लिहायला घेतलंच आहे. १९७९ चा सप्टेंबर. उद्घाटनाची मिस्सा, चर्चमधली पहिली प्रार्थना. आपले फादर बेनेदिक्त दोन वर्षं वेदीवरून सांगत होते की उजव्या भिंतीत पुढच्या बाजूला तिरकी फट असणार, सूर्य दक्षिणेकडे कलला की उन्हाचा पट्टा थेट वेदीवर पडणार, आणि त्या क्षणी गायक मंडळी गायला सुरुवात करणार. बिशप आले. अकरा-वीस झाले. वेदीवर तळघरासारखा अंधार. आणि ऊन आलं मागून, दाराजवळून, कारण फट बांधली गेली होती मागे. ते समोरच्या भिंतीशी ठेवलेल्या, फादर आत बसून पापं ऐकतात त्या कबुलीच्या कपाटावर जाऊन पडलं. कपाटाच्या जाळीशी गुडघे टेकून बसल्या होत्या पेलागियाकाकू, पाठ सगळ्यांकडे, अंगात सूर्यफुलांचा झगा. सगळं चर्च बिशपकडे पाठ करून काकूंकडे बघायला लागलं. गायकांना वाटलं हीच खूण, त्यांनी सुरुवात केली. बिशपांनीही गडबडीत त्याच दिशेने आशीर्वादाचा हात हलवला.

मला अजून हसू येतं. तू मात्र हातोडी बाकाखाली ठेवून बाहेर निघून गेलास, ते मी पाहिलं होतं.

मग चौकशी झाली. नकाशाचा सात नंबरचा कागद, उजवी भिंत. बांधकामाचा मुकादम तू. निष्कर्ष काढायला कुणाला वेळ लागला नाही: लुदविक स्क्वारेकने नकाशा उलटा धरला. फादर बेनेदिक्त तोंडाने काही बोलले नाहीत, पण भिंतीकडे बघून असा सुस्कारा टाकायचे की बोलले असते तर बरं झालं असतं. पोरं तुला 'उलटा लुदविक' म्हणायला लागली. वर्षाच्या आत तू ग्दिनियाच्या गोदीत सुतारकामाला गेलास, आणि त्यानंतर इस्त्रीचा उंबरा ओलांडला नाहीस.

आणि आता ऐक. हेन्द्रिकाबाईंनी पुस्तकात लिहिलंय की बाकी सगळ्या आधुनिक चर्चमध्ये प्रकाश देवाकडे जातो, लुब्लिनच्या या चर्चमध्ये मात्र तो पाप्याला शोधत येतो. वेदी अंधारात आणि कबुली देणारा उजेडात! त्यांच्या मते असा धीट विचार त्या काळात दुसऱ्या कुणी केला नाही. त्यांनी वास्तुकाराचे मूळ नकाशे मिळवले. त्यात फट वेदीपाशी. म्हणजे विचार वास्तुकाराचा नाही. मग कुणाचा? चर्चच्या समितीवर ग्राझिना आहे, पेलागियाकाकूंची मुलगी, आईसारखीच सगळीकडे पुढे. ती म्हणाली, लुदविक स्क्वारेकचा. बाईंनी विचारलं, तो आहे कुठे? ग्राझिना म्हणाली, तो लाजेने गाव सोडून गेला.

"लाजेने नव्हे," बाई म्हणाल्या, "नम्रतेने."

तेव्हापासून तू नम्र आहेस. अख्ख्या वस्तीत. ज्यांनी तुला उलटा लुदविक म्हटलं ते आता टक्कल पडलेले आजोबा झालेत आणि सांगतात की आम्हाला तेव्हाच शंका आली होती, हा माणूस साधा नाही. फटीखाली काशाची पाटी बसणार आहे. ओतून आलीसुद्धा, मी हात लावून पाहिली. 'या भिंतीचा निर्माता लुदविक स्क्वारेक, ज्याच्या धाडसी हाताने प्रकाश माणसाकडे वळवला.' अनावरण रविवारी, १४ मे रोजी, अकरा-वीसला. तुला रीतसर आमंत्रण येईलच, पण बहिणीकडून आधी कळावं म्हणून लिहिलं.

तर मनापासून अभिनंदन. यानिनावहिनींना नमस्कार. गुडघ्याला कोबीचं पान बांध.

तुझी बहीण,
पोला


बुधवार, सकाळ

दादा, वरची सही खरी धरू नकोस. पत्र पाकिटात घालून, पाकीट चिकटवून मी ट्रॉलीबसच्या थांब्यापर्यंत गेले होते. तिथून परत आले. वाफेवर धरून पाकीट उघडलं, जुन्या काळी उघडायचे तसं. आता कारण सांगते.

हे पत्र म्हणजे माझं प्रायश्चित्त आहे. आपल्या मनाने लिहिलं असतं तर जास्त बरं दिसलं असतं, पण तसं झालेलं नाही.

झालं असं. पाटी ओतून आल्यापासून मला जेवण गोड लागेना. ग्राझिना तुझं नाव घेऊन काही बोलली की मी उठून बाकं पुसायला लागायचे. ईस्टर तोंडावर, कबुलीला जायलाच हवं. आता तुला माहीत आहे, अकरा-वीसला त्या कपाटाशी शहाणं माणूस फिरकत नाही. उन्हात गुडघे टेकून बसायचं आणि मागून सगळ्यांनी ओळखायचं की आज कुणाचं पाप मोठं आहे, कारण कोण किती वेळ बसलंय ते दिसतं. हिवाळ्यात ते ऊन दहा-वीसला येतं, उन्हाळ्यात अकरा-वीसला, ऊन तेच, घड्याळ बदलतं. म्हणून मी हिशेब केला की रविवारी अकराच्या मिस्सेला प्रवचन सुरू झालं की जायचं. ऊन तासभर आधीच येऊन गेलेलं असेल, लोक झोपेत असतील, पाच मिनिटांत काम होईल.

रविवार होता २६ मार्च. उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करायचा दिवस. मी केलं होतं, अगदी न विसरता, मायक्रोवेव्हचंसुद्धा. फक्त ऊनही त्यासोबत पुढे सरकतं हे डोक्यातून गेलं.

आत बसले होते छोटे फादर, शिमोन. तिशीचा मुलगा, सर्दीने नाक ओढत असतो. मी नेहमीची यादी सुरू केली: शेजारणीबद्दल वाईट बोलले, शुक्रवारी सॉसेज खाल्लं, तेही दोनदा. मग म्हटलं, मत्सर झाला.

"कुणाचा?"

"भावाचा."

"भावाकडे असं काय आहे, आजी?"

मला नुसतं पैसा म्हणता आलं असतं, तब्येत म्हणता आलं असतं. पण तो इतक्या साधेपणाने विचारत होता की तोंडातून निघून गेलं.

"त्याच्याकडे माझी चूक आहे, फादर. आणि आता तिला पाटी मिळतेय."

आणि तेवढ्यात माझी पाठ गरम झाली. आधी वाटलं रक्तदाब. मग समोरच्या लाकडावर माझीच सावली दिसली, टोपीच्या पिसासकट. मोठ्या फादरांचं प्रवचन मध्येच अडखळलं. मागे बाक करकरले. सगळे वळले होते, हे मला न वळता कळलं. उठून जावं तर कबुली अर्धी, आणि अर्धी कबुली टाकून पळाली स्क्वारेकांची पोला, अशी बोंब दुपारपर्यंत झाली असती. म्हणून बसले. आणि बसलेच आहे तर सांगितलं सगळं. पट्टा कपाटावरून सरकायला सोळा मिनिटं लागतात, मी सतरा मिनिटं बोलत होते.

आता तुला सांगते, तेच.

१९७७ चा नोव्हेंबर. तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारला नवं चर्च नको होतं, नकाशांच्या नकला करायला सरकारी दुकानात जाता येत नव्हतं, म्हणून फादर बेनेदिक्तांनी मला विचारलं, कारण मी कारखान्याच्या आरेखन विभागात होते. मूळ कागदांवर एकही अक्षर नव्हतं, ते तुला आठवतं. नाव नाही, माप नाही, दिशा नाही. कुणी पकडलंच तर गोठ्याचा नकाशा म्हणून सांगायचं ठरलं होतं. मापं वेगळ्या यादीत, यादी फादरांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात. सहा कागद मी जेवणाच्या सुट्टीत एकेक करून उतरवले. सातवा काढून टेबलावर ठेवला, आणि दारात विभागप्रमुख. नुसता विभागप्रमुख नाही, पक्षाचा सभासद.

मी कागद पालथा केला आणि त्यावर जेवणाची ताटली ठेवली. आईने दिलेल्या, कोबीचं सारण भरून उकडलेल्या पिरोगी होत्या, वर लोणी. तो म्हणाला, काय छान वास येतोय. मी म्हटलं, घ्या ना. घाबरलेलं माणूस दुसरं काय म्हणणार? त्याने खुर्ची ओढली. नऊ पिरोगी होत्या, त्याने सात खाल्ल्या. अर्धा तास बसला, आपल्या आईच्या स्वयंपाकाबद्दल बोलला, चित्रपटाला येता का म्हणून विचारलं. तो गेला तेव्हा सुट्टीची सात मिनिटं उरली होती. मी ताटली उचलली, त्यावर नवा पारदर्शक कागद ठेवला आणि भराभर उतरवून घेतला. खालचा कागद पालथाच होता, दादा. पातळ कागद, रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात. पुढचं मागे गेलं, मागचं पुढे आलं. कोपऱ्यात मी स्वच्छ अक्षरात सात आकडा काढला आणि संध्याकाळी तुझ्या हातात दिला.

तू नकाशा उलटा धरला नव्हतास. नकाशाच उलटा होता, आणि तू तो अगदी बरोबर बांधलास.

तो विभागप्रमुख म्हणजे रिशार्द. ज्याच्यामुळे चूक झाली त्याच्याशीच मी दोन वर्षांनी लग्न केलं. त्यालाही कधी सांगितलं नाही. छत्तीस वर्षं तो माझ्या पिरोगींची तारीफ करत जेवला, आणि दर वेळी मी मान खाली घालून ताटलीकडे बघायचे. त्याला वाटायचं मी लाजते.

गप्प का बसले ते विचारशील. आधी भीतीने. नोकरी गेली असती, त्याचीही गेली असती, कदाचित नोकरीवर भागलं नसतं. नंतर भीती संपली, सरकार गेलं, कारखाना बंद झाला, आणि मला वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला. रोज वाटायचं आज फार उशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून उशीर झालेला असायचा. तूही कधी काही विचारलं नाहीस. मी स्वतःची समजूत घातली की तुला समुद्र आवडतो.

पण आईचं राहिलं. ते मी फादर शिमोनना नीट सांगितलं नाही, तुला सांगते. आई पाहुण्यांसमोर म्हणायची, "माझा लुदविक सोन्यासारखा सुतार, फक्त त्याला कागद कळत नाही." प्रेमानेच म्हणायची. मी शेजारी बसून चहा ओतत असायचे. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, बिचारा लुदविक. तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिची उशी सारखी केली. एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि मी उशी सारखी केली.

आणि रिशार्दच्या अंत्यविधीचा दिवस. तू रात्रभर गाडीत बसून आलास आणि पूर्ण मिस्सा बाहेर लिंडेनच्या झाडाखाली उभा राहिलास, गारठ्यात, टोपी हातात धरून. मी आतून दाराच्या काचेतून बघत होते. वाटलं, नवऱ्याची शवपेटी तिथेच ठेवून बाहेर यावं आणि सांगावं. दफनभूमीत तू माझं कोपर धरलंस, तेव्हा मी तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर टोपी घाल.

मला फार वाईट वाटतं, दादा. मी तुझी इज्जत घेतली आणि जपून ठेवलीसुद्धा नाही. चूक ही लाजेची गोष्ट होती तोवर मी ती तुझ्या गळ्यात राहू दिली. ती पाटीची गोष्ट झाली तेव्हा मला ती परत हवीशी वाटली. यापेक्षा हलकं काही मी आयुष्यात केलेलं नाही.

फादर शिमोन नाक शिंकरून म्हणाले, "तीन वेळा 'आमच्या बापा' म्हणा. आणि भावाला पत्र लिहा, स्वतःच्या हाताने, ईस्टरच्या आत." तीन प्रार्थना ट्रॉलीबस यायच्या आत म्हणून झाल्या. पत्राला तीन दिवस लागले. आणि गंमत म्हणजे, एवढं ऐकून फादर इतके गोंधळले की शेवटी 'माफ झालं, ऊठ' या खुणेची लाकडावरची ठक ठक करायचंच विसरले. मी तशीच गुडघ्यांवर. ठक ठक झाल्याशिवाय उठायचं कसं? शेवटी ग्राझिना येऊन मला धरून उठवायला लागली. तिला वाटलं मला झटका आला.

आता तू सांगशील ते. १४ मेला सगळ्यांसमोर उभी राहून सांग म्हणालास तर सांगेन, अकरा-वीसला, उन्हात. गप्प बस म्हणालास तर बसेन, त्याची मला सवय आहे. पाटी मला नको. (थोडीशी हवी आहे. नुकतीच कबुली झालीय, लगेच खोटं कशाला बोलू?) पण तू एकदा आत ये. निदान बाहेर झाडाखाली उभा राहू नकोस.

ठक ठक अजून न ऐकलेली, तुझी
पोला


ग्दिनिया,
पवित्र गुरुवार, ६ एप्रिल

पोला,

पत्र सोमवारी मिळालं. वाचलं आणि भट्टीत टाकलं, म्हणजे ओव्हनमध्ये, कारण फ्लॅटमध्ये दुसरी भट्टी नाही. ओव्हन बंद होता. मंगळवारी यानिना ईस्टरचा केक भाजायला गेली तेव्हा तिला ते सापडलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं आणि खुर्चीत बसून हसली. मी हसलो नाही.

तुला वाटतं मी गावाच्या बोलण्याला कंटाळून गेलो. लोक बोलतात, त्याचं काय एवढं. मी गेलो कारण मलाही तसंच वाटलं. त्या कागदावर अक्षर नव्हतं, पोला. सात आकडा काय, तो कोपऱ्यात कुठेही काढता येतो. मी चव्वेचाळीस वर्षं अंथरुणावर पडलो की तो कागद डोक्यात फिरवायचो. असा धरला होता की तसा? दर वेळी उत्तर वेगळं यायचं. मला माझ्या हातांचा भरवसा उरला नाही.

गोदीत मला काय म्हणायचे ते तुला ठाऊक नाही. 'तीनदा'. कारण कोणताही नकाशा आला की मी तो खिडकीवर धरून तीनदा बघायचो, पुढून, मागून, पुन्हा पुढून. पोरं माझी नक्कल करायची. एकतीस वर्षांत माझी एक फळी चुकीची कापली गेली नाही. निवृत्तीला त्यांनी मला घड्याळ दिलं, मी ते तीनदा तपासलं, सगळे हसले, मीही हसलो. आता कळतं, त्यातल्या दोन वेळा तुझ्यामुळे होत्या.

तुझ्यावर मी कधी रागावलोच नव्हतो. त्याचंच आता वाईट वाटतंय. रागवायला एवढी वर्षं हाताशी होती, सगळी फुकट गेली. आता पंच्याहत्तरीत कितीसा राग धरणार? मंगळवारी दिवसभर धरला, बुधवारी गुडघा दुखायला लागला.

आईचं मात्र मी तुला माफ करत नाही. निदान आज नाही. तिच्या थडग्यावर जाऊन तू तिला सांग, मोठ्याने. मी शेजारी उभा राहीन. मग बघू.

१३ मेला दुपारच्या गाडीने येतो, दोघं. रात्री तुझ्याकडेच उतरू. कोबीच्या पिरोगी कर, पण ताटलीखाली काय आहे ते मला आधी दाखव.

१४ तारखेला आत येईन. माझ्या भिंतीतून ऊन येताना मी एकदाच पाहिलंय, तेही पळता पळता. फटीत कबुतरांनी घरटं केलं असेल तर काढून ठेव. तुला उभं राहून सगळं सांगायचंय ते सांग, पण सतरा मिनिटं लावू नकोस, लोकांना जेवायचं असतं. प्राध्यापकबाई आल्या तर त्यांना पुढे बसव, आणि त्या रडल्या तर चीजकेक दे.

आणि ग्राझिनाला निरोप दे. त्या पाटीवरचं धाडसी हात वगैरे माझ्याबद्दलचं नाही. बदलणार नसतील तर मी छिन्नी घेऊन येतोय. मजकूर असा हवा, तुझ्या पूर्ण नावानिशी:

चूक: अपोलोनिया.
भिंत: लुदविक.
पिरोगी खाल्ल्या: रिशार्द.

फादर ठोकायला विसरले म्हणतेस. आजकालच्या पोरांना लाकडाची सवय नाही. मी पाइनच्या टेबलावर बसून लिहितोय, टेबल मीच केलेलं आहे. यानिना साक्षीला आहे, ती म्हणते नीट ऐकू आलं.

ठक ठक.

लुदविक